गाढी वाचली, उलवे वळली : नवी मुंबई विमानतळाखालच्या पाण्याचं प्रकरण

पनवेल खाडीकाठच्या जुन्या आगरी शेतकऱ्याला ‘उघाडी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खारबांधात बसवलेली ती लाकडी झडप. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला आतून ढकलून खाडीत उतरतं. भरती चढली की खाडीचंच पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं. ना मोटर, ना राखणदार. खाडीकाठच्या कुठल्याही जागेच्या पाहणीला गेलो की मी आधी उघाडी शोधतो, आणि ती गेली असेल तर तिच्या जागी नंतर टाकलेला सिमेंटचा पाइप. नकाशावर नदी म्हणजे निळी रेघ आणि पाणथळ म्हणजे हिरवा डाग. दिवसातून चारदा दिशा बदलणारं पाणी त्या रेघेत दिसत नाही.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाची गोष्ट बहुतेकदा ‘खारफुटी विरुद्ध विमानतळ’ अशी सांगितली जाते. झाडं मोजता येतात, त्यांचे फोटो निघतात, म्हणून असेल. पण बांधकामाआधीच्या पर्यावरणीय मूल्यांकनाचं उदाहरण म्हणून मला हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. एकाच प्रकल्पात, एकाच मंजुरीपत्रात, दोन नद्यांच्या नशिबी दोन वेगळ्या गोष्टी आल्या.

जागा आधी, अभ्यास नंतर

सिडकोने दिलेली जागा सुमारे १,१६० हेक्टरची. मधून उलवे नदी, कडेने गाढी, पुढे पनवेलची खाडी. मध्येच नव्वद मीटरच्या आसपास उंचीचा उलव्याचा डोंगर. बाकी भातखाचरं, खाजणं, खारफुटी आणि गावं : चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचं ओवळे. त्याआधी रेवस-मांडव्याची जागा चर्चेत होती. ती मागे पडली आणि २००७ मध्ये केंद्राने पनवेलजवळच्या जागेला तत्त्वतः मान्यता दिली.

आता क्रम बघा. ही जागा किनारा नियमन क्षेत्रात येत होती आणि १९९१ च्या अधिसूचनेनुसार तिथे विमानतळ बसत नव्हता. मे २००९ मध्ये त्या अधिसूचनेतच दुरुस्ती करून या विमानतळाची वाट मोकळी केली गेली. पर्यावरणीय अभ्यासाची कार्यकक्षा त्यानंतर ठरली. अभ्यास आयआयटी मुंबईच्या पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी केंद्राने केला. २०१० च्या मे महिन्यात जनसुनावणी झाली, आणि २२ नोव्हेंबर २०१० ला पर्यावरण मंजुरी आली, तिच्यासोबत तीसेक अटी.

म्हणजे ‘इथे विमानतळ व्हावा का’ हा प्रश्न अभ्यासकांच्या टेबलावर आलाच नाही. त्यांच्यासमोर आला तो ‘इथे होणारच आहे, तर कसा’. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी पहिला प्रश्न उशिरा का होईना विचारून पाहिला, कल्याणसारखे पर्याय पुढे केले. नागरी विमान वाहतूक मंत्री प्रफुल्ल पटेल आणि राज्य सरकार दोघेही जागेवर ठाम होते. त्या काळातल्या वर्तमानपत्रांत हा दोन मंत्र्यांचा सामना म्हणूनच रंगला. त्यात नद्यांची नावं क्वचित यायची.

पर्यावरणीय मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत छाननी, कार्यकक्षा, जनसुनावणी आणि मूल्यमापन असे चार टप्पे आहेत. पर्यायी जागांचा विचार कागदावर त्यातच येतो. प्रत्यक्षात पर्यायांचं प्रकरण अहवालात सगळ्यात बारीक असतं आणि त्याचा निष्कर्ष पहिल्या ओळीतच ओळखता येतो. हे या एका प्रकल्पापुरतं नाही. असे अहवाल वाचत आलेला कोणीही हेच सांगेल.

गाढी

गाढी माथेरानच्या डोंगरातून उतरते आणि पनवेल शहराला वळसा घालून खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच पावसात गाढीने पनवेलमध्ये काय केलं, ते पनवेलकरांना पाठ आहे. डोंगरातून पाऊस आणि खाडीतून भरती एकाच वेळी आली की मधल्या सखल पट्ट्याला पाणी पोटात घ्यावं लागतं. खाजणं, भातखाचरं, खारफुटीखालचा चिखल हा तो पट्टा. उघाडी बंद असते तेवढे काही तास पाणी आत थांबतं, ओहोटी लागली की निघतं. सिडकोने नवी मुंबई वसवताना हीच कल्पना मोठ्या मापात उचलली : वाशी, नेरूळ, बेलापूरला धारण तलाव बांधले, त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. (पुढे त्या तलावांतच गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला हात लावायचा नाही म्हणून गाळ काढणं अडलं. पाण्यासाठी बांधलेली जागा निसर्गाने परत घेतली आणि कायद्याने तिला संरक्षण दिलं. यावर हसावं की नाही, मला अजून कळलेलं नाही.)

विमानतळाच्या मूळ आराखड्यात दोन्ही नद्या वळवायच्या होत्या. शेजारीच ताजं उदाहरण होतं. सांताक्रूझच्या विमानतळाच्या धावपट्टीखालून मिठी जाते, तिथे तिला काटकोनात वळणं घ्यावी लागली आहेत, आणि २००५ नंतर त्या वळणांची चर्चा पुराची चौकशी करणाऱ्या चितळे समितीच्या अहवालापासून चहाच्या टपरीपर्यंत झाली होती. तरी नव्या विमानतळाच्या कागदावर गाढी वळवण्याची रेघ होतीच.

मंजुरीच्या चर्चेत ती रेघ खोडली गेली. दोन समांतर धावपट्ट्यांमधलं अंतर मूळ १,८०० मीटरच्या ऐवजी सुमारे १,५५० मीटरवर आणलं, आणि विमानांशी थेट संबंध नसलेल्या इमारतींसाठी धरलेला खारफुटीचा भाग आराखड्यातून काढला. ‘गाढी नदी वळवायची नाही’ अशी स्पष्ट अट आली. जाणारी खारफुटी सुमारे १६० हेक्टरवरून ९८ हेक्टरवर आली.

या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते. दोन धावपट्ट्या किती जवळ चालतील हा विमानशास्त्राचा प्रश्न. पण तो विचारायला भाग पाडलं नदीने. ‘वृक्षारोपण करावे’, ‘धूळ उडू नये म्हणून पाणी मारावे’ या ठरीव अटी कुठल्याही मंजुरीपत्रात सापडतात आणि त्यांनी कुठलीही भिंत एक फूटसुद्धा सरकत नाही. इथे धावपट्टी अडीचशे मीटर सरकली. आराखडा अजून कागदावर होता, म्हणून सरकली.

उलवे

उलवेचं तसं झालं नाही. ती जागेच्या मधोमध होती. तिला ठेवून विमानतळ होत नव्हता. तेव्हा ती वळवायचं ठरलं, आणि प्रश्न पर्यावरणाच्या रकान्यातून अभियांत्रिकीच्या रकान्यात गेला. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेच्या शिफारशींचा आधार घेऊन सुमारे ३.२ किलोमीटरचं नवं पात्र खोदलं गेलं. डोंगर सुरुंगांनी फोडला, त्याचा दगड-मुरूम सखल जमिनीवर पसरून ती उंच केली. २०१७-१८ च्या सुमारास हे काम जोरात होतं. १८ फेब्रुवारी २०१८ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं.

नव्या पात्राचं गणित पुराच्या पाण्याचं असतं : सेकंदाला इतके घनमीटर, इतकी रुंदी, इतका उतार. ते गणित चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. मला खटकतं ते त्या गणितात न मावणारं. भरतीच्या टापूतली नदी म्हणजे पाण्याबरोबर तिचे काठ. जुन्या पात्राला कोपरे होते, पाणी मंदावून गाळ टाकत होतं अशी वळणं होती, गोडं आणि खारं पाणी ऋतूनुसार पुढे-मागे सरकत होतं तो पट्टा होता. या पट्ट्यात बोईट आणि कोलंबीची पिल्लं वाढतात; जिताडा तिथूनच वर चढतो आणि रायगडात शेततळ्यांपर्यंत पोचतो. सरळ, एकसारख्या उताराच्या, काठांना दगडी अस्तर लावलेल्या पात्रातून पूर नीट जाईल. जिताडा चढेल का, हे पुराच्या प्रतिमानाला कोणी विचारत नाही.

आणि पूरसुद्धा पात्रापुरता नसतो. भराव उंच झाला की त्याच्या कडेचं गाव आपोआप खोलगट होतं. काम सुरू झाल्यानंतरच्या पावसाळ्यांत डुंगी-पारगाव भागात घरांत पाणी शिरल्याच्या तक्रारी झाल्या, आणि मूळ दहा गावांच्या यादीत नसलेल्या डुंगीच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यातून उभा राहिला. प्रकल्पाची हद्द भूसंपादनाच्या रेघेने ठरली होती. पाण्याने ती रेघ मानली नाही.

इथे सर्वसाधारण पद्धतीतला एक दोष सांगायला हवा. पायाभूत माहिती एका ऋतूची चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून घ्यायचा, असा प्रघात आहे. हवेचं प्रदूषण मोजायला तो ठीक असेल. पावसाने धूळ बसते, आकडे फसवे येतात. पण कोकणातली नदी मार्चमध्ये मोजणं म्हणजे घरात कोण कोण राहतं ते सगळे कामाला गेलेले असताना मोजणं. मार्चमध्ये ओढ्याच्या जागी नुसता ओलसर तळ दिसतो आणि अहवालात ‘हंगामी नाला, परिसंस्थेच्या दृष्टीने महत्त्व कमी’ अशी ओळ पडते. जुलैत तोच नाला अर्ध्या गावाचं पाणी वाहत असतो.

सातबाऱ्यावर भात, जमिनीवर तिवर

खाजणाची एक गंमत आहे. पिढ्यान् पिढ्या बांध राखून लोकांनी खाडीतून भातशेती काढली. मग माणसं कारखान्यात, बंदरात, रिक्षावर गेली. बांधाची डागडुजी थांबली. एका उधाणाला खांड पडली आणि खारं पाणी आत आलं. काही वर्षांत तिथे तिवर उभी राहते. सातबाऱ्यावर अजून भात, डोळ्यांसमोर खारफुटी. ही जागा शेती, जंगल की पाणथळ? प्रत्येक खातं आपल्याला सोयीचं उत्तर देतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी खारफुटीला चांगलं संरक्षण दिलं. तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा असतो. म्हणून खारफुटी असलेली जागा हिशेबात येते. नुसता चिखल, नुसतं उथळ खारं तळं येत नाही. ‘इस्रो’च्या अहमदाबाद केंद्राने केलेल्या पाणथळ जागांच्या नकाशावलीत सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या दोन लाखांहून अधिक जागा आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षण दिलं, पण त्याच वर्षीच्या नियमांनी नदीपात्रं, भातखाचरं, मिठागरं, मत्स्यशेतीची तळी आणि किनारा नियमन क्षेत्रातल्या जागा बाहेर ठेवल्या. उरणपासून पनवेलपर्यंत चालत जा : नदीपात्र, भातखाचर, मिठागर, मासे पाळलेलं तळं आणि खाडीकाठ यांपलीकडे तुम्हाला दुसरं काय लागेल?

विमानतळात जाणाऱ्या ९८ हेक्टरच्या बदल्यात ६१५ हेक्टर हरित पट्टा आणि खारफुटीची अट होती : वाघिवली बेटावर २४५, मोहा आणि पनवेल खाडीदरम्यान ६०, गाढीच्या उत्तरेला ३१०. आकडा सहापटींहून जास्त, ऐकायला भरघोस. पण बदली खारफुटीचा हिशेब हेक्टरात करणं मला पटत नाही. आधीपासून उभी असलेली खारफुटी ‘राखली’ म्हणून जमेला धरली, तर नवं काही निर्माण होत नाही. आणि नवी लावायची झाली तर कुठे? मोकळ्या चिखलपट्टीवर. एकदा ओहोटीला गुडघाभर चिखलात हातभर लांबी-रुंदीची चौकट टाकून बघा. वरून राखाडी, निर्जीव. बोटाने खरवडलं की खालून काळा चिखल, कुजक्या अंड्याचा वास, आणि मग एकेक : दोऱ्यासारखे तांबूस किडे, नखाएवढे खुबे, बिळात तिरपी शिरणारी चिंबोरीची पिल्लं, चौकटीच्या कडेला डोळे वर काढून बसलेला निवटा मासा. तुतवारे आणि चिखले पक्षी सैबेरियाकडून येतात ते या ताटासाठी. त्यावर ओळीने तिवर लावली की अहवालात हिरवळ वाढते आणि ताट उचललं जातं.

मच्छीमाराचं ताटही तेच. खाडीतला रोजचा पाग, खुबे वेचणाऱ्या बायका, हंगामी चिंबोरी यांची किंमत प्रकल्पाआधी कोणी लावत नाही. या भागात ती नंतर, वेगळ्या प्रकरणात, न्यायाधिकरणाला लावावी लागली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरणच्या बंदर-विस्तारामुळे बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. आधी मोजली नाही म्हणून किंमत शून्य नसते, एवढं त्या आकड्याने कागदावर आलं.

पक्षी कुठे बसतात

काम सुरू होण्याआधी पक्ष्यांची पायाभूत पाहणी करावी, अशी मंजुरीत अट होती. पुढे सिडकोने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे (बीएनएचएस) दीर्घ मुदतीचं पक्षीनिरीक्षण सोपवलं. हेतू दुहेरी : पक्ष्यांची काळजी आणि विमानांची.

इथे भरती-ओहोटीचं कोष्टक खिशात नसेल तर दुर्बीण असून उपयोग नाही. ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पक्षी ओहोटीला उघड्या चिखलावर चरतात. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि त्यांना उथळ, शांत जागा हवी असते. तेव्हा ते उडून नेरूळ-सीवुड्सच्या बाजूला येतात : एनआरआय, टी. एस. चाणक्य, डीपीएस तलाव. तुतवाऱ्यांसारखे इतर किनारी पक्षी उरणच्या पाणजे, भेंडखळ, बेलपाडा या पाणथळींवर जातात. पाणी उतरलं की पुन्हा खाडीत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये ‘रामसर स्थळ’ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ हा दर्जा मिळाला, पण भरतीला जिथे हे पक्षी उभे राहतात त्या जागा खाडीतल्या रोहित अभयारण्याच्या बाहेर आहेत. सकाळी ओहोटीला गेलेला निरीक्षक त्या तळ्यावर चार बगळे मोजून परत येतो आणि ‘विशेष पक्षीजीवन नाही’ असं लिहितो. तो खोटं बोलत नाही. फक्त सहा तास लवकर गेलेला असतो.

विमानतळाच्या दृष्टीनेही हा मामला सोपा नाही. काही जणांचं म्हणणं, विमानतळाजवळची तळी बुजवली तर पक्षी जातील, धोका टळेल. बीएनएचएसची भूमिका उलटी आहे : या जागा गेल्या तर हजारो पक्षी भरतीला नवी जागा शोधत भिरभिरतील, आणि धावपट्टीभोवतीची मोकळी, सपाट, पावसात पाणी साचणारी जमीन त्यांना जवळची वाटेल. मला ही भूमिका बिनतोड वाटते. पक्षी कुठून कुठे, किती उंचीवरून, कोणत्या भरतीला जातात हे माहीत असेल तर विमानांचं वेळापत्रक आणि चढण्याचे मार्ग आखता येतात. बिथरलेल्या थव्याला वेळापत्रक नसतं. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि घाटकोपर परिसरात जवळजवळ चाळीस पक्षी मेलेले सापडले. तो विमानतळ जुना, सांताक्रूझचा. पक्षी याच खाडीचे.

त्याच्या महिनाभर आधी डीपीएस तलावाच्या परिसरात काही रोहित मेले होते. तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली होती. पाणी आटत गेलं, शेवाळ माजलं. झाडाला, पक्ष्याला, काठाला कोणी हात लावला नव्हता. फक्त पाणी यायचं थांबलं होतं. नागरिकांनी लावून धरल्यावर २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव करायचं राज्याच्या वन्यजीव मंडळाने मान्य केलं. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या अभ्यास-वर्तुळात अशा किती जागा, किती पाइप, किती झडपा आहेत याची यादी २०१० मध्ये करून ठेवता आली असती. कोणी मागितली नाही, कारण कार्यकक्षेत ‘जलाशयांची यादी’ एवढंच असतं; ‘त्यांत पाणी कुठून शिरतं’ हा रकाना नसतो.

हाच रकाना मी आता माझ्या पाहणीच्या कागदावर पहिला ठेवतो. त्याखाली चार नोंदी : एक उधाणाची भरती, एक भांगाची (अष्टमीच्या आसपासची, कमी चढणारी), एक भर पावसाळ्यातली ओहोटी आणि एक रात्रीची. पक्षी, मासे, झाडं त्यानंतर.

विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मध्यंतरी अमावास्येच्या भरतीला उरणच्या बाजूला एका रस्त्याखालच्या पाइपाशी उभा होतो. पाइपाच्या तोंडाशी प्लॅस्टिक, थर्मोकोल, मूर्तीची लाकडी चौकट असा गठ्ठा अडकला होता आणि त्याच्या फटीतून खाडीचं पाणी करंगळीएवढ्या धारेने आत येत होतं. पलीकडे शेकाटे एका पायावर उभे. सोबतच्या तरुण मच्छीमाराने काठीने गठ्ठा उपसला, धार हाताएवढी झाली, आणि पाण्याबरोबर बोटभर बोईट आत गेलं. त्याने घड्याळात बघितलं. भरती उतरायला पाऊण तास होता.